पद्मिनीची धाकटी पुली



गेल्या २ ऑगस्टला मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला आम्ही दोघं आमची जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन गेलो होतो. कुणीतरी तिचा फोटो आपल्या गटात टाकला आणि त्याखाली प्रश्नांची रांगच लागली. "अजून चालते?" हा पहिला. "बॅटरी टिकते का? आमची सतत बसायची," हा दुसरा. आणि दोन-तीन जणांनी, ज्यांच्या घरी अजून फियाट किंवा अँबॅसडर झाकून ठेवलेली आहे, त्यांनी नेमकं विचारलं की डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला आहे का, आणि बसवला असेल तर पुली कोणती लावली. हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याला या विषयात नक्की चटका बसलेला असणार, हे मी ओळखलं. फोटोखाली दोन ओळींत उत्तर देण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या. बँकेत असताना नोट लिहायची सवय होती, ती काही जात नाही.

आधी गाडीची ओळख. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून बाहेर पडायला लागलेली ही गाडी, पुढे १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि नंतर पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेली. म्हणजे आपल्या मराठी मुलखात घडलेली गाडी. आमची १९७९ ची. मी ती १९८६ साली जुनी घेतली, स्टाफ लोनवर. नवीन गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. जुनी मिळाली हेच नशीब म्हणायचं.

१९८८ मध्ये माझी बदली सिल्वासाला झाली. तेव्हा इथे करसवलतींमुळे कारखाने उभे राहत होते, आणि रोज नव्या कंपनीचा माणूस कॅश क्रेडिटची फाइल घेऊन दारात उभा असायचा. रस्ते मात्र मोकळे. दमणगंगेच्या पुलावरून पलीकडे गेलं की संध्याकाळी दहा मिनिटांत एखादी गाडी दिसायची. त्याच रस्त्यांवर १९९० मध्ये आमच्या सौ. गाडी चालवायला शिकल्या. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे अख्खी बाकासारखी सीट, मधे आमची मुलगी बसलेली. महिन्याभरात सौ. माझ्यापेक्षा चांगली चालवायला लागल्या. हे मी खुल्या मनाने इथे नोंदवतो, कारण त्या ही पोस्ट वाचणार आहेत.

आता मूळ विषयाकडे. २०२१ पासून मला काचबिंदूमुळे रात्री गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली. तेव्हापासून अंधार पडल्यावर स्टिअरिंग सौ.च्या हातात. आणि त्याच सुमारास तलासरीच्या पुढे राहणाऱ्या त्यांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे आमच्या ताईंनी, अंथरूण धरलं. सौ.नी गुरुवार ठरवून टाकला. दुपारी जेवणं उरकून निघायचं, नरोलीवरून भिलाडला हायवेला लागायचं, ताईंची वेणीफणी करायची, त्यांना दोन घास भरवायचे, गप्पा मारायच्या आणि दिवेलागणीनंतर परतायचं. ताईंची मुलं चांगली आहेत, पण बहिणीच्या हातची वेणी ती बहिणीच्या हातचीच.

२०२३ च्या जुलैमध्ये अशाच एका गुरुवारी धो धो पाऊस होता. परतताना ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. हेडलाइट चालू, वायपर चालू, इंजिन स्लोवर. पंधरा मिनिटांत दिवे पिवळे पडले, वायपर दमल्यासारखा फिरायला लागला, आणि इंजिन एकदा बंद पडलं ते सेल्फने उचललंच नाही. दोन ट्रक ड्रायव्हरांनी भर पावसात उतरून धक्का दिला. सौ. घरी पोहोचल्या तेव्हा पावणेदहा झाले होते. ओली छत्री कोपऱ्यात ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "एक तर ही गाडी रात्रीची नीट चालेल असं काहीतरी करा, नाहीतर विका. मी गुरुवार सोडणार नाही."

पुण्याहून मुलाचा फोन, नाशिकहून मुलीचा. दोघांचं एकच, नवी ऑटोमॅटिक घ्या. सल्ला चुकीचा नव्हताच. पण सत्तरीला टेकलेल्या बाईचे हातपाय तेहतीस वर्षं एका गाडीला सरावलेले असतात. नवी गाडी शिकेपर्यंत किती गुरुवार जातील, आणि ताईंकडे किती गुरुवार आहेत, हा हिशेब मुलांना फोनवर सांगण्यासारखा नव्हता.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, इंजिनिअर नव्हे. पण गाडीतल्या विजेचा प्रश्न मला पासबुकासारखा दिसतो. बॅटरी म्हणजे बचत खातं. दिवे, वायपर, इग्निशन हे नावे पडणारे व्यवहार. डायनॅमो ही जमा. आता बेरीज करून बघा. ४५ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे ९० वॉट. पुढचे-मागचे छोटे दिवे, वायपर, इग्निशन, मधूनमधून लागणारे ब्रेकचे दिवे, हॉर्न हे सगळं धरून पावसाळी रात्री २०० वॉटच्या आसपास जातं. बारा व्होल्टने भागलं की झाले सोळा-सतरा अँपिअर. आणि त्या काळच्या डायनॅमोंची ताकद पंधरा ते बावीस अँपिअरच्या घरात, तीही गाडी पळत असताना. गाडी उभी राहून इंजिन स्लोवर आलं की डायनॅमोची जमा जवळपास शून्य. नावे चालूच, जमा बंद. मुंबईत आम्ही सिग्नलला उभं राहिलो की हेडलाइट मालवून नुसत्या पार्किंगच्या दिव्यांवर राहायचो, आठवतंय ना? ती सवय खात्यात शिल्लक राहावी म्हणूनच होती.

अल्टरनेटर इथे कामाला येतो. फरक थोडक्यात असा. डायनॅमोमध्ये जी गुंडाळी सगळी वीज तयार करते तीच गरागरा फिरत असते, आणि सगळा करंट कार्बनमधून बाहेर काढावा लागतो. ती जड गुंडाळी फार जोरात फिरवली तर तारा बाहेर फेकल्या जातात, कार्बन जळतात. म्हणून डायनॅमोला मुद्दाम मोठी पुली देतात, म्हणजे तो बेताने फिरेल. अल्टरनेटरमध्ये उलटं आहे. वीज तयार होते ती बाहेरच्या, स्थिर गुंडाळीत. आत फिरणाऱ्या भागाला फक्त चुंबक होण्यापुरता थोडासा करंट लागतो. त्यामुळे तो बिनदिक्कत जोरात फिरू शकतो, बहुतेक १२ ते १५ हजार फेऱ्यांपर्यंत सोसतात. जोरात फिरवायचा म्हणजे पुली लहान. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ एवढ्यातच आहे.

ऑगस्टमध्ये मी गाडी एका गॅरेजला दिली. नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. त्यांनी अल्टरनेटर बसवला, जुना कट-आउट काढला, वायरिंग केलं, बिल दिलं. गाडी छान चालली. पाच आठवड्यांनी बॅटरी पुन्हा बसली. या वेळी सुदैवाने घराच्या फाटकात. गॅरेजवाले म्हणाले, अल्टरनेटर खराब निघाला, दुसरा घ्यावा लागेल, पैसे वेगळे. मी म्हटलं, जरा थांबू.

गणपती उठल्यावर मी आमच्या जुन्या उस्तादांकडे गेलो. हे उस्ताद माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. तरुणपणी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजमध्ये काम शिकले, मग इकडे आले. गुडघे गेले म्हणून गॅरेज बंद करून घरीच बसलेले. मुलगा इलेक्ट्रिक रिक्षा दुरुस्त करतो. मी सांगितलं तसे ते मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आले. गाडी सुरू केली, बॉनेट उघडलं, दिवे लावायला सांगितले आणि स्लोवर ठेवली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणत होता. त्यांनी हाताने रेस दिली, तो विझला. सोडली, पुन्हा मिणमिणला. इंजिन बंद करून त्यांनी पुलीवर नख मारलं आणि म्हणाले, "मॅनेजरसाहेब, माल एकदम चांगला आहे. फक्त टोपी दुसऱ्याची घातली आहे."

झालं होतं असं. नव्या अल्टरनेटरवर मुळात जी पुली होती ती बारीक बारीक रेघांच्या चपट्या पट्ट्याची होती. आपल्या जुन्या गाड्यांना व्ही आकाराचा पट्टा. तो त्यावर बसणारच नाही. मग गॅरेजवाल्यांनी सोपा मार्ग काढला. डायनॅमोची जुनी पुली काढली, आत बुश ठोकला आणि ती अल्टरनेटरवर चढवली. पट्टा तोच, खाच तीच, सगळं जागच्या जागी बसलं. फक्त अल्टरनेटर आता डायनॅमोच्या चालीने फिरत होता.

हिशेब आपण शाळेत शिकलो तो त्रैराशिकाचाच. इंजिनच्या क्रँक पुलीचा व्यास भागिले अल्टरनेटरच्या पुलीचा व्यास. जो भागाकार येईल तितक्या पट अल्टरनेटर इंजिनपेक्षा जोरात फिरणार. सोपं पडावं म्हणून गोल आकडे घेतो. तुमच्या गाडीचे तुम्ही मोजा. क्रँक पुली १३० मिलिमीटर आणि डायनॅमोची पुली ८० असेल तर पट येते १.६ च्या जरा वर. इंजिन स्लोवर ७०० फेऱ्यांवर असताना अल्टरनेटर फिरणार सुमारे ११४०. एवढ्यात तो धड जागाही होत नाही. त्याच्या अंगावर ३६ अँपिअर लिहिलेलं असतं खरं, पण तो आकडा अशा अल्टरनेटरांच्या बाबतीत साधारण ६००० फेऱ्यांचा असतो, हे लक्षात ठेवा. ठेवीच्या जाहिरातीत वरचा दर मोठ्या अक्षरांत असतो, मुदत बारीक अक्षरांत, तसंच हे.

मोजताना एक काळजी घ्यायची. पुलीचा बाहेरचा काठ मोजायचा नाही. पट्टा खाचेत जिथे बसून ओढतो तो व्यास धरायचा. उस्तादांनी सांगितलेली युक्ती छान आहे. क्रँक पुलीवर आणि अल्टरनेटरच्या पुलीवर खडूने खूण करायची, स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने बरोबर दहा फेरे फिरवायचं आणि दुसरी पुली किती फिरली ते मोजायचं. पट्टा घसरत नसेल तर खरी पट तिथेच कळते. आम्ही दोघं म्हातारे, मी वहीत रेघा मारतोय, ते मोजतायत, आणि सौ. चहा घेऊन दारात उभ्या. "सोळा झाले, तुम्ही पंधरा लिहिलेत," त्यांनी तिथूनच सांगितलं. सोळाच होते.

मग पहिला प्रयोग. उस्तादांच्या घरी पत्र्याच्या डब्यात जुन्या पुल्यांचा खजिना. त्यातली ५६ मिलिमीटरची सगळ्यात लहान व्ही पुली चढवली. पट आली २.३ च्या वर, स्लोवर सोळाशेच्या पुढे फेऱ्या. लाल दिवा किल्ली फिरवताक्षणी गुल. मला वाटलं, झालं काम. उस्ताद म्हणाले, "अभी पावसाची परीक्षा बाकी आहे." त्यांनी पट्ट्यावर पाण्याचा तांब्या ओतला, दिवे लावले, वायपर लावला आणि रेस दिली. पट्टा असा किंचाळला की शेजारचे बाहेर आले.

याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. अल्टरनेटर पूर्ण भाराने ३६ अँपिअर द्यायला लागला की चौदा व्होल्टने ती होते पाचशे वॉट. त्यात निम्म्याच्या आसपास शक्ती उष्णतेत आणि घर्षणात जाते. म्हणजे पट्ट्याला जवळपास हजार वॉट, एक-सव्वा अश्वशक्ती ओढावी लागते. डायनॅमोसाठी त्याला इतका जोर कधी लावावाच लागला नव्हता. आणि पुली जितकी लहान तितकी पट्ट्याची मिठी लहान. लहान पुलीभोवती पट्टा थोडाच टेकतो, शिवाय त्याला कोवळ्या काठीसारखं फार वाकावं लागतं. मग तो घसरतो, तापतो, काळी पूड पडते आणि एक दिवस तुटतो. आमच्या गाडीत हाच एक पट्टा पंखा आणि पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला तर नुसतं चार्जिंग जात नाही, इंजिन तापून बसतं. हायवेवर अंधारात एकट्या बाईला ते परवडणारं नाही.

काही जण विचारतील, मग क्रँकची पुलीच मोठी का नाही करायची? करता येते, पण मग पाण्याचा पंप आणि पंखाही जोरात फिरायला लागतात. एका खात्याचा प्रश्न सोडवायला तीन खाती विस्कटायची कशाला? अल्टरनेटरची पुली बदलली तर पंप आणि पंखा आहे त्याच चालीने फिरतात. फक्त पट्ट्याची लांबी बदलते.

वरचं टोकही तपासायचं असतं. आपलं हे इंजिन फार तर पाच हजार फेऱ्यांपर्यंत पळवायचं. ५६ च्या पुलीने अल्टरनेटर तेव्हा ११,६०० वर जाईल, म्हणजे अजून मर्यादेत. थोडक्यात आमची अडचण वरच्या टोकाला नव्हतीच, पट्ट्याच्या पकडीत होती. ज्यांच्या गाडीचं इंजिन जास्त फिरतं त्यांनी मात्र हा गुणाकार करूनच ठरवावं.

तर निर्णयाचं सूत्र असं ठरलं. स्लोवर दिवे लावूनही लाल दिवा विझला पाहिजे इतकी पुली लहान, आणि तेवढं साधणाऱ्यांतली सगळ्यात मोठी. आकड्यांत बोलायचं तर पट दोनच्या जरा वर. आमच्यासाठी ती आली ६२ मिलिमीटर. स्लोवर सुमारे १४७० फेऱ्या, इंजिन पाच हजारांवर असताना साडेदहा हजार.

अशी तयार पुली मिळेना. उस्ताद म्हणाले, बनवू. आपल्या सिल्वासात दुसरं काही नसेल, पण लेथ मशिनं गल्लोगल्ली आहेत. औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ओडिशाकडचा एक तरुण टर्नर होता. त्याने पोलादी गोळा पकडला आणि पहिला प्रश्न विचारला, "खाचेचा कोन किती ठेवू?" उस्ताद माझ्याकडे बघून हसले, पोराला काम येतं म्हणून. व्ही पट्ट्याच्या बाजूंचा कोन असतो चाळीस अंश. पण पट्टा लहान पुलीवर वाकला की त्याची आतली बाजू फुगते आणि कोन कमी होतो. म्हणून लहान पुलीची खाच चौतीस अंशांच्या आसपास कातायची, मोठीची अडतीस. सरळ चाळीसची कातली तर पट्टा बाजूंना नीट धरत नाही. पट्टा खाचेच्या तळाला टेकता कामा नये हीही अट. तो बाजूंनी ओढतो, तळाने नाही. तळाला टेकला की घसरलाच. वरून पाहिलं तर पट्ट्याची पाठ पुलीच्या काठाच्या साधारण बरोबरीत दिसली पाहिजे.

आतलं छिद्र अल्टरनेटरच्या शाफ्टच्या मापाचं, चावीची खाच बरोबर, बुश ठोकून केलेली जोडजमव नाही. पुलीमागे अल्टरनेटरचा स्वतःचा पंखा असतो, त्याला पुली घासू नये. आणि तिन्ही पुल्या एका रेषेत. त्यासाठी उस्तादांनी क्रँक पुलीच्या तोंडावर लांब लोखंडी पट्टी टेकवली आणि अल्टरनेटर किती आत-बाहेर आहे ते पाहिलं. ब्रॅकेटमध्ये दोन वॉशर घातल्यावर सगळं एका ओळीत आलं. पट्टा नवा, मापाने थोडा आखूड. ताण असा की सगळ्यात लांब सुट्या भागावर अंगठ्याने दाबलं तर साधारण अर्धा इंच दबेल. जास्त ताणला तर पाण्याच्या पंपाचं बेअरिंग रडतं, कमी ताणला तर पट्टा.

बाकी चार सूचना, ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी. बॅटरीकडे जाणारी मुख्य वायर जाड घाला, जुनी डायनॅमोच्या मापाची असते. लाल दिव्याचा बल्ब गेला असेल तर आधी बदला. अल्टरनेटर त्याच्यातूनच जागा होतो, बल्ब गेला की स्लोवर चार्जिंग सुरूच होत नाही आणि दोष बिचाऱ्या पुलीवर येतो. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलं आहे ते बघा. जुन्या काही ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला असतं, तसंच ठेवून साधा अल्टरनेटर जोडलात तर आतले डायोड क्षणात जातात. आणि डॅशबोर्डवर अँपिअरचा काटा असेल तर तो नव्या करंटला पुरेल का ते तपासा.

पुली चढवली तो दिवस ऑक्टोबरचा शेवट. उस्तादांनी पुन्हा तांब्याभर पाणी ओतलं. पट्टा गप्प. दिवे, वायपर, सगळं लावून स्लोवर ठेवली आणि मीटर लावला. काटा तेराच्या वर स्थिर. जरा रेस दिली, चौदा. सौ.नी ड्रायव्हर सीटवर बसून पाच मिनिटं नुसती गाडी उभी ठेवली. हेडलाइटचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला होता, त्याच्याकडे बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. त्याच आठवड्यात टीव्हीवर बातमी होती, मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबरला रस्त्यावरून उतरली. २००३ साली ताडदेवला नोंदलेली, वीस वर्षांची मुदत संपली. उस्तादांना मी फोन करून सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "साहेब, आपली तर आता पळायला लागली."

त्यानंतर सौ.चा एकही गुरुवार चुकला नाही. दिवाळीला ताईंसाठी अनारसे गेले, संक्रांतीला तीळगूळ गेला. एकदा धुक्यात हायवेवर पाऊण तास गाडी उभी होती, दिवे लख्ख. माघात ताई गेल्या. गुरुवारच होता, सौ. तिथेच होत्या, वेणी घालून झाली होती. त्या रात्री त्या एकट्या गाडी चालवत परत आल्या. मी फाटकात उभा होतो. वळणावर दोन दिवे दिसले, लांबूनच ओळखू आले.

आता दोन ओळी त्यांच्यासाठी, ज्यांना मूळ रूप बिघडण्याची चिंता आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठी उलथापालथ नको अशी अट आहे. आमच्या गाडीला २०२९ मध्ये पन्नास पूर्ण होतील. म्हणून आम्ही काहीही कापलेलं नाही, एकही नवं भोक पाडलेलं नाही. जुना डायनॅमो, कट-आउट आणि ती ८० ची पुली तेल लावून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवली आहे. सोबत माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. कोणती पुली किती मापाची, कोणती कशासाठी, पट्ट्याचा नंबर काय, कुठे दोन वॉशर आहेत, सगळं. बदललेलं परत मूळ करायला अर्धा दिवस पुरेल. नातवाने काय ठेवायचं ते त्याचं तो ठरवील.

आपल्यापैकी कुणी हे काम केलं असेल तर आपल्या गाडीची पट काय आली ते खाली जरूर लिहा. अँबॅसडरवाल्यांनी तर नक्कीच लिहा, उस्ताद विचारत होते. मुलगा फोनवर त्यांना वाचून दाखवतो.